सुभेदारांचा ल

‘पाहिजेल’ म्हणणाऱ्या किती जणांच्या तोंडून तुम्ही आजवर तो शेवटचा ‘ल’ काढून घेतला आहे? मी पुष्कळांच्या काढला, म्हणून विचारते. वर्गात, बसस्टँडवर, सभेच्या मंडपात, एकदा तर भाषण करणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून. “पाहिजे म्हणा, पाहिजेल नाही,” असं सांगताना आपण आपल्या माणसांना पुढच्या अपमानातून वाचवतो आहोत, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत ज्यांनी मोडली ते मराठीचे मास्तर नव्हते. ते सैन्यातून निवृत्त झालेले चिनी भाषेचे दुभाषी होते. जव्हारच्या बाजारात भावाच्या दुकानात बसून ते पत्र्याच्या पेट्यांवर लोकांची नावं रंगवत, आणि सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणे.

दिवसभर नावं रंगवणाऱ्या या माणसाला नावं मात्र लक्षात राहत नसत. त्यांचा कान फक्त बारीक शब्द पकडायचा. ‘पण’, ‘तर’, ‘तरी’, ‘ना’, ‘च’. माणूस काय बोलला हे ते विसरत, त्याने ‘तर’ कुठे घातला हे वर्षानुवर्षं विसरत नसत. “तो नाही का, परवा आलेला, ‘तरीपण’वाला?” असं ते चाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारत, आणि चाचींना बरोबर कळे की मोखाड्याचा कापडवाला. माझ्या वडिलांना ते ‘म्हणूनच’ म्हणत, कारण वडील दुसऱ्या वाक्याला ‘म्हणूनच’वर यायचे. मी ‘मुळात’ होते. “या, ‘मुळात’ आल्या,” असं माझं स्वागत व्हायचं. वसतिगृहातली माझी मैत्रीण हिरा, तिला मात्र ते पहिल्या दिवसापासून हिराच म्हणत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं या एका गोष्टीने पेटलेलं आहे.

दिसायला सुभेदार रुबाबदार होते आणि त्यांना ते माहीत होतं. कडक इस्त्रीचा सदरा, मेंदी लावलेल्या मिशा, पायात बूट. दुकानात पत्रा ठोकण्याचा आवाज कानठळ्या बसवणारा, आणि त्यात हे स्टुलावर ताठ बसून ब्रश सरळ उभा धरून लिहिणार. मनगट कुठेही टेकायचं नाही. “चिनी लोक ब्रश असा धरतात,” ते येईल त्याला सांगत. “ब्रश सरळ पाहिजे. माणूस वाकडा असला तरी चालून जातं.” आमच्या भागातली मुलं आश्रमशाळेत, वसतिगृहात जायची ती अशी पेटी डोक्यावर घेऊन. समोर मुलाचं नाव, गावाचं नाव, बाजूला एक कमळ. गिऱ्हाइकाचं लक्ष नसताना सुभेदार झाकण उघडून आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, एक छोटं चिनी अक्षर काढून ठेवायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “कंपनीचा शिक्का आहे.” कंपनी म्हणजे त्यांचा भाऊ, आणि भावाला तो शिक्का वाचता येत नव्हता.

बासष्टच्या लढाईनंतर सैन्याला चिनी समजणारी माणसं हवी होती. जव्हारच्या पेटीवाल्याचा हा मुलगा उर्दू, हिंदी, मराठी तिन्ही लिहीत होता, म्हणून त्याला चौथी शिकायला बसवलं. बाकीचे शिकले आणि विसरले. हे शिकले आणि अडकले.

माझं सांगायचं तर मी पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक बोलणं नाही. मोखाड्याला आमच्या घरी वडिलांच्या संघटनेची पत्रकं खाटेखाली असत, पुस्तकांना कव्हरं त्यांचीच, आणि अक्षरओळख मला ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांनी झाली. अकरावीला जव्हारच्या वसतिगृहात आले तेव्हा वडिलांनी मला एका मोर्चाच्या कापडी फलकाचा मजकूर दिला आणि म्हणाले, “सुभेदारसाहेबांकडून रंगवून घे.” मजकूर मी लिहिला होता. सुभेदारांनी तो वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “पोरी, यात पत्रा फार आहे. बिजागऱ्या कुठायत?”

मी भडकले. “मुळात, चाचा, ही अन्यायाची गोष्ट आहे. पेटीची नाही.”

“अन्यायाची आहे म्हणूनच उघडली पाहिजे ना? आणि उघडणार कशावर?”

त्या दिवशी त्यांनी मला बसवून घेतलं आणि चाचींनी चहा दिला. चिनी पंडित शब्दांचे दोन ढीग करतात, त्यांनी सांगितलं. एक भरलेले शब्द, एक रिकामे. डोंगर, भात, मारणं, रडणं हे भरलेले. ‘ला’, ‘ने’, ‘तर’ असले रिकामे. “आणि गंमत ऐक. प्रत्येक रिकामा शब्द कधी ना कधी भरलेला होता. त्यांच्याकडे एक शब्द होता, पांघरूण. पांघरूण अंगावर पडतं. मग लोक बोलायला लागले, संकट अंगावर पडलं, मार अंगावर पडला. बोलता बोलता आतला कापूस निघून गेला. आता तो शब्द एवढंच सांगतो, की ह्याने केलं नाही, ह्याच्यावर झालं.”

मला वाटलं, आमच्या एकूण एक पत्रकांत याशिवाय आहे काय! इतकं थोडक्यात ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

“आपल्याकडे पण तेच,” सुभेदार म्हणाले. “तुझा बाप ‘म्हणूनच, म्हणूनच’ करतो. ‘म्हणून’ म्हणजे काय? बोलून. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली.’ आधी कुणीतरी तोंडाने म्हणालं असणार ना, पाऊस येईल! आता म्हणणारा गेला. कारण तेवढं राहिलं.”

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी रोज कॉलेज सुटल्यावर दुकानात जायचे. ते वर्ष माझं एकटीचं होतं. सुभेदारांना ऐकणारं कुणी नव्हतं आणि मी ऐकत होते. त्यांची बर्फाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की चाची आतून पुढचं वाक्य म्हणायच्या. सरहद्दीवरच्या एका खिंडीत दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची बैठक होती आणि सुभेदार तेव्हा नवेकोरे दुभाषी. चिनी अधिकारी आभाळाकडे बघून म्हणाला, “याओ श्या श्वे ल.” यांनी छाती फुगवून आपल्या साहेबांना सांगितलं, “सर, त्यांना बर्फ पाहिजे आहे.” साहेब म्हणाले, “सगळीकडे तोच पडलाय. घेऊन जा म्हणावं.”

“हसले माझ्यावर,” सुभेदार सांगत. “दोन्हीकडचे हसले. तेवढंच त्या बैठकीत एकमत झालं. ‘याओ’ म्हणजे पाहिजे, हे मी पाठ केलं होतं. पण तो म्हणत होता, बर्फ पडणार. तोच शब्द! आधी त्याचा अर्थ कंबर. मग कंबर धरून अडवणं. मग मागणं. मग पाहिजे. आणि पाहिजे, पाहिजे म्हणता म्हणता एक दिवस झालं ‘होणार’. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. म्हणून मी पोटभर हसं करून घेतलं आणि मग बारीक शब्दांच्या मागे लागलो.”

हिराला दुकानात मीच नेलं. ती सूर्यमाळच्या एका पाड्यावरून आलेली, वसतिगृहात माझ्याच खोलीत. घरची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकलेली, आणि तोंड असं की वॉर्डनबाई तिच्याशी बोलायच्या आधी पदर सावरून घ्यायच्या. तिच्या जुन्या पेटीची बिजागरी तुटली होती. मी म्हटलं, चल. त्या ‘चल’बद्दल मी स्वतःला बरीच वर्षं बोल लावला आहे.

सुभेदार तिच्यासाठी नवी पेटी रंगवत होते आणि मी तिला, जरा मिरवतच, रिकाम्या शब्दांचं सांगत होते. हिराने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “आमच्या मास्तरणीने मला मारलं आणि मग म्हणाल्या, जाऊ दे. मी इचार करायची, जाऊ दे म्हणजे काय दे? मार घेतला मी, आणि वर आनखी मीच द्यायचं?”

सुभेदारांचा ब्रश थांबला. असा थांबलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता.

“अगं!” ते आत चाचींना ओरडले. “ऐकलंस? ‘दे’! ह्या पोरीने ‘दे’ पकडला!” आणि मग तासभर चिनी भाषेत ‘देणं’ कसं ‘च्यासाठी’ झालं, कसं ‘करू देणं’ झालं, हे ते तिला सांगत राहिले. तिला. मी शेजारीच होते.

मग त्यांनी तिच्या पेटीचं झाकण उघडलं आणि आत एक अक्षर काढलं. मोठं, भरपूर रेघांचं. वर खिडकीसारखी चौकट, खाली पाय मुडपलेली आकृती.

“खालची बाई आहे,” सुभेदार म्हणाले.

“मग वर हंडा आहे,” हिरा लगेच म्हणाली. “बाय पाण्याला चाललीय.”

“वा! हेच ‘याओ’. बर्फवाला.”

मी विचारलं, “माझ्या पेटीत का नाही काही?” माझी पेटी वडिलांची जुनी होती, या दुकानातली नव्हती. सुभेदार म्हणाले, आण. दुसऱ्या दिवशी मी ती डोक्यावर घेऊन भर बाजारातून गेले. मला वाटत होतं, हिला बाई आणि हंडा, तर मला निदान मशाल तरी. सुभेदारांनी ब्रश बुडवला. एक वळलेली आडवी रेघ ओढली. तिच्याखाली गळासारखी एक उभी. ब्रश पुसायला घेतला.

“बस?”

“बस.”

“अर्थ?”

“मूळ अर्थ, संपलं,” सुभेदार म्हणाले. “आता तसा नाही. आता हा रिकामा आहे. वाक्याच्या शेवटी येतो. पुढचं नंतर.”

हिरा पोट धरून हसली. “पत्रकबाई, तुझं तं सुरू व्हायच्या आधीच संपलं गं!”

पत्रकबाई हे नाव तिने मला त्या दिवशी दिलं आणि ते चिकटलं. खोलीत तिने आपली पेटी माझ्या पेटीला लावून ठेवली होती. मी माझी उचलून समोरच्या भिंतीला नेली.

पुढच्या दोन वर्षांत मत्सर म्हणजे काय हे मी नीट शिकले. तो मोठ्या गोष्टींनी होत नाही. चाचींनी ईदला दोघींना शीरखुर्मा दिला आणि हिराच्या वाटीत खारीक जास्त दिसली, तेव्हा झाला. सुभेदार माझ्या प्रश्नाला उत्तर देत आणि तिच्या प्रश्नाला आधी हसत आणि मग उत्तर देत, त्या हसण्याने झाला. मी समतेवर भाषणं करत होते. एका माणसाचं कौतुक दोघींत सारखं वाटलं जावं, अशी माझी मागणीही नव्हती. ते सगळंच मला पाहिजे होतं.

मग तो उन्हाळा आला. सूर्यमाळला उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात हे सांगायला नको. टँकर यायचा, पण खालच्या डांबरी रस्त्याला थांबायचा, कारण पाड्यांकडे जाणारी वाट कच्ची आणि चढाची. बाया खालून हंडे भरून वर न्यायच्या. टँकर पाड्यापर्यंत यावा, या मागणीसाठी बाजाराच्या दिवशी मोखाड्याला मोर्चा न्यायचं ठरलं. वडील मला आणि हिराला म्हणाले, “दोघी एकेक पत्रक लिहा. सुभेदारसाहेब निवडतील. त्यातलीच ओळ फलकावर जाईल.”

माझं पत्रक निवडलं जावं, एवढं मला पाहिजे होतं. हिराला पाणी पाहिजे होतं. या दोन गोष्टींतला फरक मला तेव्हा दिसत नव्हता असं मी म्हणणार नाही. दिसत होता.

मी दोन पानं लिहिली. त्यात स्वातंत्र्य होतं, राज्यघटना होती, तहानलेली धरतीमाता होती, आणि ‘जाहीर’ तर जागोजाग होतं. हिराने चार ओळी लिहिल्या. त्या मला अजून पाठ आहेत, आणि हेही मला आवडत नाही.

‘आम्ही सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या बाया. टँकर खाली थांबतो, आम्ही वर राहतो. डोक्यावर हंडा घेऊन चढताना निम्मं पाणी रस्ता पितो. आम्हाला पाणी घराजवळ पाहिजेल.’

दुकानातच, सुभेदार यायच्या आधी, मी लाल पेन काढलं आणि शेवटचा ‘ल’ खोडला.

“पाहिजे,” मी म्हटलं. “ल नाही.”

“आमच्यात म्हणतात.”

“म्हणतात. लिहीत नाहीत.”

“मंग आमच्यातलं कधी लिवायचं?”

“मुळात, हिरा, ते लोक हसायला टपलेले असतात. आपण त्यांना संधी का द्यायची? एका अक्षरासाठी सगळं निवेदन अडाण्याचं ठरेल.” हे मी मनापासून बोलत होते. माझ्या वडिलांना असं हसलेलं मी पाहिलं होतं. आणि त्याच वेळी ती लाल काट मारताना मला जे बरं वाटलं, त्याचा शुद्धलेखनाशी काही संबंध नव्हता.

सुभेदार आले. त्यांनी माझी दोन पानं वाचली, घडी घालून बाजूला ठेवली. हिराच्या चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

“ह्या ‘ल’चा खून कुणी केला?”

मी म्हटलं, “मी दुरुस्ती केली.”

“दुरुस्ती!” सुभेदार स्टुलावरून उठलेच. “अगं, ‘पाहिजे’ म्हणजे काय? पाहिलं जातं. वाट पाहिली जाते, शोधलं जातं. जुन्या मराठीतलं आहे ते. त्यातलं पाहणं केव्हाच निघून गेलं, उरलं नुसतं मागणं. आणि ह्या तुमच्या लोकांनी त्याला काय लावलं? येईल, जाईल, होईल, त्यातला ‘ल’! मागणीला उद्याचा ‘ल’. चीनला ‘पाहिजे’पासून ‘होणार’पर्यंत जायला शेकडो वर्षं लागली. सूर्यमाळच्या बाया पायी निघाल्यात आणि तू रस्त्यात लाल पेन घेऊन उभी?”

“पण ते अशुद्ध आहे, चाचा.”

“असेल. चीनमध्ये पण कुणीतरी म्हणालं असेल अशुद्ध. म्हणणारा गेला, शब्द राहिला.”

“आणि लोक हसले तर?”

“माझ्यावर बर्फात हसले. मेलो का मी?”

हिरा नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. सुभेदारांनी त्याच दुपारी फलक रंगवला. ‘आम्हाला पाणी घराजवळ पाहिजेल.’ सगळी अक्षरं निळी आणि शेवटचा ‘ल’ लाल. लाल रंग त्यांनी माझ्याकडे बघत बुडवला.

वडिलांनी माझं मन राखायला माझा मजकूर हिराच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला छापला. बारीक टायपात मावला.

मोर्चा मोठा झाला. बाजाराचा दिवस, जीपा भरून आलेल्या, पाड्यांवरच्या बाया रिकामे हंडे घेऊन चालत आलेल्या. कचेरीचे साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. फलक वाचून हसला आणि म्हणाला, “पाहिजेल? अहो, पाहिजे लिहायचं!”

माझ्या छातीत आनंदाची उकळी फुटली. खरं तेच सांगते. मोर्चा आमचा, मागणी आमची, आणि साहेब माझ्या बाजूने बोलला म्हणून मला आनंद झाला. मी मान वळवून सुभेदारांना शोधू लागले. ते समोरच्या टपरीच्या सावलीत उभे होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली हिराची मावशी, हंडा कमरेवरून न काढता, म्हणाली, “नाय साहेब. पाहिजे तं आम्ही दरसाल म्हणतो. औंदा पाहिजेल.”

बाया हसल्या, मग साहेब हसला, आणि मग मागून कुणीतरी आवाज दिला, “पाणी!” आणि सगळा बाजार म्हणाला, “पाहिजेल!” मी माझ्या आयुष्यात दिलेल्या घोषणा लोक माझ्यामागून म्हणत आले आहेत. ही घोषणा कुणाच्या मागून नव्हती. सुभेदार टपरीपाशी रुमालाने मिशा पुसत होते. मिशांना काही लागलेलं नव्हतं.

टँकर त्या ‘ल’मुळे वर आला असं मी म्हणणार नाही. पाड्यांवरच्या लोकांनी स्वतः वाटेतले दगड काढून उतार केला, मागे लागून लागून होकार मिळवला, मग टँकर चढला. पण परतताना भज्याच्या गाडीवर मी जे पाहिलं ते सांगते. भजीवाल्याने आमचीच पत्रकं घेतली होती. हिराची बाजू वर, वाचता येईल अशी. माझी बाजू भज्यांना.

त्यानंतर मी दुकानात जाणं सोडलं. अभ्यास आहे म्हटलं. हिरा जात राहिली आणि संध्याकाळी खोलीत आली की तिच्या बोटाला रंग असायचा. मी विचारत नसे आणि ती सांगत नसे. परीक्षा झाल्या, मी नाशिकला गेले, एका साप्ताहिकात लिहायला लागले. हिरा सूर्यमाळकडेच मास्तरीण झाली. कितीतरी वर्षं मी जव्हारला उतरले की बाजाराच्या रस्त्याने न जाता मागच्या गल्लीने जात असे.

शेवटी एकदा गेलेच. पत्र्याच्या पेट्या कमी झाल्या होत्या, लोक प्लास्टिकच्या बॅगा घेत होते. सुभेदार स्टुलावर नव्हते, आत खाटेवर होते. मिशांची मेंदी मात्र ताजी होती. चाची म्हणाल्या, “ओळखलंत का?”

“‘मुळात’,” ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण खोच तीच. “वाचतो मी तुझं. पत्रा कमी केलास.”

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भांडले. “तुम्ही तिला बाई दिलीत, हंडा दिलात. मला दोन रेघा.”

ते हसले. आधी हसले, मग बोलले. पहिल्यांदाच.

“दोघींच्या पेट्या कधी शेजारी ठेवल्यास का?”

“नाही.”

“मग राहू दे,” सुभेदार म्हणाले. “‘दे’ तुझा नाही. हिराचा आहे.” आणि डोळे मिटले.

त्याच हिवाळ्यात वडिलांचा फोन आला. “सुभेदारसाहेब गेले.” ‘गेले’ या शब्दातून चालणं कधी निघून गेलं असेल, असा विचार माझ्या मनात आला. आता तो ज्यांना सांगावा असे तेच गेले होते.

मी पेटी घेऊन मोखाड्याला गेले आणि तिथून सूर्यमाळला. जीपवाला म्हणाला, “बाई, पेटी घेऊन? नांदायला चालल्या का?” हिरा शाळेच्या पायरीवर उभी होती. माझ्या डोक्यावरची पेटी बघून तिने कपाळाला हात लावला.

“पत्रकबाई, आता आठवलं तुला?”

तिची पेटी घरात होती, नाचणीने भरलेली. तिने नाचणी सुपात, टोपलीत, घमेल्यात काढली. मग दोन्ही पेट्या शेजारी ठेवून आम्ही झाकणं उघडली. डावीकडे बाई आणि हंडा. उजवीकडे माझ्या दोन रेघा.

“वाच,” हिरा म्हणाली.

“डावीकडचं याओ.”

“आणि तुझा?”

मला तो उच्चार कधी विचारावासाच वाटला नव्हता. हिराने माझ्याकडे बघितलं, मग सावकाश, सुभेदारांच्या थाटात म्हणाली, “याओ श्या श्वे…”

“ल,” मी म्हटलं, आणि थांबले. तो ‘ल’ त्या गोष्टीच्या शेवटी प्रत्येक वेळी होता. मी तो शंभरदा ऐकला होता.

“नुसता याओ म्हणजे पाहिजे,” हिरा म्हणाली. “शेवटी ल आला की मग होणार. आता होणारच, असं. तुझा माझ्या मराठी ‘ल’चा कोण लागत नाय, चाचा म्हणायचे, नुसता सारखा दिसतो. पन काम तेच करतो.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“फलक रंगवला त्या दिवशी सांगितलं त्यांनी.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू पेटी कुठं शेजारी ठेवू दिली? मी तं ठेवली होती. तूच उचलून नेलीस.”

मी लाल पेनाने जो खोडला होता, तो माझाच होता. सुभेदारांनी मला तो मोर्चाच्या दोन वर्षं आधी देऊन ठेवला होता. आणि त्यातही त्यांनी आधी सांगितलं ते हिराला. मला त्याचा अजून राग आहे. नाचणी परत भरताना मी मुद्दाम थोडी सांडली, आणि तिच्या ते लक्षात आलं, आणि तिने ती गोळा करून पेटीत टाकली.

तेव्हा एक काम करा. तुमच्या घरात जव्हारहून आणलेली पत्र्याची पेटी असेल, माळ्यावर टाकलेली, धान्याची, गंजलेली, तर ती एकदा रिकामी करा. झाकणाच्या आत, बिजागरीजवळ बघा. तिथे काही दिसलं तर एकट्याने अर्थ लावत बसू नका. त्या वर्षी तुमच्यासोबत कुणी पेटी घेतली होती ते आठवा, तिला शोधून काढा, आणि दोन्ही पेट्या शेजारी ठेवा. ती तुमच्यापेक्षा हुशार असली तरी.